मौद्याला सांगायचं राहिलेलं

मामा गेल्याची चिठ्ठी शाळेत आली तेव्हा मी मुलींचे पेपर तपासत होते. चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि हातातला पेपर पुरा तपासला. रडायला बळच नव्हतं. आता महिना होत आला, थकवा तसाच आहे...

माझा धाकटा भाऊ वसंता पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेला. त्याच्या पत्रांत ख्यालीखुशालीपलीकडे काही नसतं. तो तिथं काय भोगत असेल ते कळावं म्हणून मी वाचनालयातून एका जुन्या शिपायाच्या आठवणींचं पुस्तक आणलं. मामाही मागच्या लढाईत बसऱ्याकडे होते, खेचरांच्या तांड्यावर. त्याबद्दल ते कधीच बोलले नव्हते. त्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर महाल वस्तीतल्या त्यांच्या खोलीवर जाऊन मी ते पुस्तक मोठ्यानं वाचू लागले. खरं तर मला त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं.

चकमकींची वर्णनं ते नुसते हुंकार देत ऐकत. एके ठिकाणी, माघार घेताना जखमींना मागं सोडावं लागलं, एवढंच चार ओळींत लिहिलेलं होतं. मामा म्हणाले, "थांब वं." त्यांनी चाचपडत पुस्तकावर हात ठेवला.

"मौद्याचा महादेव होता माह्यासंगं. मांडीत गोळी लागली होती. पाणी मांगून राह्यला होता. माह्याजवळ अर्धी बाटली होती... म्या नाही देल्लं."

"काहून, मामा?"

"मले प्याचं होतं."

परत आल्यावर त्यांनी महादेवच्या आईला सांगितलं होतं, गोळी लागली तसा तो जागीच गेला, काही त्रास झाला नाही. पंचवीस वर्षं ती माउली त्यावर विसंबून होती.

आता तिला खरं सांगायचंच असं ते म्हणाले, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना सर्व्हिस मोटारीनं मौद्याला नेलं. म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बाटलीचंही. तिचं सूप थांबलं. तिनं एवढंच विचारलं, "मले हाक मारली का गा त्यानं?"

"मारली, माय. लय डाव, घडीघडी मारली."

ती उठून आत गेली. आम्ही वाट पाहिली. ती बाहेर आली नाही. परतताना मोटारीत मी भीतभीत विचारलं, हाकेचं तरी खरं होतं का? "खरं होतं," मामा म्हणाले. "म्या खोटं सांगतलं, म्हणून तिले तेवढंही भेटलं नाही."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं तशीच उरली, ती आता मी एकटी वाचते, त्याच वेळेला, मोठ्यानंच. परिच्छेद संपला की मामा "हं" म्हणायचे आणि मग मी पुढं जायची. अजूनही प्रत्येक परिच्छेदापाशी माझा आवाज आपोआप थांबतो...