हळूकाकूंची गिटार

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. कपडे दुरुस्त करतात. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कोटाला अस्तर लावणं. जिन्यातली मुलं त्यांना हळूकाकू म्हणतात. कुणी धावत आलं, कुणाचा चेंडू दारावर आपटला, की त्यांचं दार बोटभर उघडतं आणि आतून एकच शब्द येतो. "हळू!" तोही हळू.

काका दिवसा झोपतात. ते विजेच्या सबस्टेशनमध्ये कायम रात्रपाळीला असतात, लग्नाच्या आधीपासून. सकाळी येतात, जेवतात, जाड पडद्यांच्या खोलीत जाऊन आडवे होतात. मग ते घर श्वास धरून बसतं.

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. पहिल्यांदा पँट आखूड करायला गेले तेव्हा मला वाटलं, घरात कुणी फार आजारी आहे. बेलमध्ये कापडाचा बोळा. एकात एक ठेवलेल्या भांड्यांमध्ये फडकी. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे शिवलेले. शिलाई मशीन झाकलेलं. काका उठल्यावरच ते चालायचं, तोवर काकू हाताने टाके घालायच्या. त्यांची मुलगी याच घरात वाढली. आता सासरी तिला शिष्ट समजतात. ती काय बोलते ते तिथे कुणाला ऐकूच येत नाही.

"काय शिकलीस?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"साहित्य."

"म्हणजे तुला वाचता येतं."

"येतं की."

"तसं नाही गं. खूप वाचता येतं."

मी हो म्हटलं. काकूंनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. दार लावून घेतलं.

"मग मला एक वाचून सांग. इलेक्ट्रिक गिटार कुठली घ्यावी?"

मी बघतच राहिले.

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी."

झालं होतं ते असं. गाण्याच्या एका ग्रुपमधल्या मुलीने काकूंकडे उसवलेलं जॅकेट शिवायला दिलं होतं. ते पोचवायला काकू थेट कार्यक्रमाच्या जागी गेल्या. ती मुलगी एका कोपऱ्यात बसून गिटार वाजवत होती. बोटं भराभर फिरत होती आणि काकूंना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. मुलगी हसली. म्हणाली, वायर लावली नाही ना, इलेक्ट्रिक गिटार आतून भरीव असते, वायर काढली की मुकी.

"मुकी!" काकू मला म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे हे आत झोपलेले, आणि मी इथे वाजवत बसलेली. कुणाला पत्ता नाही. या घरात मी चमचासुद्धा ह्यांच्या झोपेच्या मापाने ठेवते. तक्रार नाही माझी. तिथे रात्री ह्यांचा डोळा लागला तर अर्धं गाव अंधारात जाईल. पण एक गोष्ट मला माझ्या मापाची हवी."

"आणि पैसे?"

"शिलाई मशीनपेक्षा महाग नको. मशीन बिचारं कमावतं तरी."

मी वाचायला बसले. साहित्याच्या परीक्षेलाही एवढं वाचलं नव्हतं. एक जण म्हणे, नवशिक्याने स्वस्तच घ्यावी. दुसरा म्हणे, स्वस्त घेतली की शिकणं सुटलंच समजा. कुणी लाकडावरून भांडत होतं, कुणी लाकडाने काहीच फरक पडत नाही असं ओरडून सांगत होतं. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. तारांखाली चुंबकाच्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. एकेरी पिकअपची गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडली की घुमते. कुणी वाजवत नसलं तरी हूं... असा आवाज येत राहतो. दुहेरी पिकअप गप्प असते.

"दुहेरी," काकू लगेच म्हणाल्या. "मी वायर लावणार नाहीच. तरी पण घुमणारी वस्तू घरात नकोच."

दुकानदाराने केसांची शेंडी बांधली होती. वयाने काकूंहून थोडाच लहान असेल.

"मुलगा किती वर्षांचा आहे?" त्याने काकूंना विचारलं.

"कुणाचा?"

"ज्याच्यासाठी गिटार हवी."

"मुलगा नाही मला. मुलगी आहे, ती सासरी आहे. तिला नकोय. मला हवीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्याने एक जुनी, दुधाच्या सायीच्या रंगाची गिटार काढली. कडेला टवका उडालेला. सगळ्यांत स्वस्त तीच होती. त्याने ती अँपला जोडली आणि खोलीभर हूं पसरलं. काकू दोन पावलं मागे सरल्या.

"बंद करा, बंद करा!"

"एकेरी पिकअप आहे, काकू. त्यात जुनी. घुमणारच."

"वायर काढा आणि वाजवा."

"वायरशिवाय? मग आवाज कसा कळणार?"

"आवाज येतो का, तेच बघायचंय. आला तर नको."

दुकानदाराने हातातली गिटार खाली ठेवली. असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं.

काकूंनी गिटारी तपासल्या त्या कपड्यांसारख्या. आधी उलट्या करून पाठ पाहिली. मग मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांची टोकं एका गिटारला बोचत होती. "हिची शिवण बाहेर आलीय," म्हणून ती त्यांनी बाजूला केली. शेवटी एक काळी गिटार निघाली. मान बारीक, कडा गुळगुळीत, पिकअप दुहेरी. काकूंनी ती मांडीवर घेतली आणि पुन्हा खाली ठेवलीच नाही. सोबत छोटा अँप मिळत होता. तो नको म्हटलं तरी किंमत तीच. म्हणून आणला आणि कपाटावर ठेवून दिला.

त्यानंतर मी वेळ मिळेल तेव्हा खाली जायचे. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्या. हनुवटी गिटारच्या कडेवर टेकवलेली. तसं टेकवलं की हाडातून ऐकू येतं म्हणे. नवशिक्यांची बोटं तारांनी सोलतात असं मी वाचलं होतं. काकूंची नाही सोलली. सुईने ती केव्हाच टणक केली होती.

काकांना त्यांनी सांगितलं होतं. काका म्हणाले, "बरं." काका सगळ्यालाच बरं म्हणायचे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चालणं जड, बोलताना मधेच हरवायचे. "कामच तसं आहे," काकू म्हणायच्या आणि पडदा आणखी घट्ट ओढायच्या.

मग काळ्या गिटारची एक खुंटी सैल झाली. तार लावली की उतरायची. दुकानदार म्हणाला, खुंटी मागवावी लागेल, तोवर ही न्या. आणि ती सायीच्या रंगाची गिटार त्याने हातात दिली. काकूंनी ती नाक मुरडतच आणली.

त्या दुपारी काका केस कापायला गेले होते. मी म्हटलं, "काकू, घरी कुणी नाही. एकदा वायर लावून बघू या का? तुम्ही काय वाजवता ते तुम्ही अजून ऐकलंच नाहीये."

त्या नको नको म्हणत स्वतःच स्टुलावर चढल्या आणि कपाटावरून अँप काढला.

हूं... सुरू झालं. काकूंनी एक तार छेडली आणि स्वतःच दचकल्या. मग पुन्हा छेडली. शिकलेलं वाजवू लागल्या. तोडकंमोडकंच, पण त्या हसत होत्या आणि हसताना तोंडावर हात ठेवायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं. काका होते. केस कापून आले होते, कॉलरवर केसांचे तुकडे. आम्ही दोघी गोठलो. काकूंनी तारांवर हात दाबला. अँप घुमतच राहिला.

काका दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चपला काढायला वाकले. वाकलेलेच राहिले. मग हळूहळू मागे रेलले आणि त्यांचं तोंड उघडं पडलं.

"अहो?" काकू कुजबुजल्या.

काका झोपले होते. एका पायात चप्पल, एक हातात.

"बंद कर, बंद कर ते," काकूंनी मला खूण केली. मी अँपचं बटण दाबलं. घर शांत झालं.

काका ताडकन उभे राहिले. "काय झालं? कुठलं गेलं?" त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला होता.

काकू बघत राहिल्या. मग त्यांनी पुढे होऊन अँप पुन्हा सुरू केला. हूं... काकांचे खांदे उतरले. ते बसले. डोळे मिटायला लागले.

काकूंनी बंद केला. काका उठले.

"खेळ चाललाय का माझा?" काका म्हणाले.

"तुम्ही झोपत होतात," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी हातातल्या चपलेकडे पाहिलं. ती खाली ठेवली. मग जमिनीशी बोलावं तसं बोलू लागले. "तिकडे रात्रभर ट्रान्सफॉर्मर घुमत असतात. ते घुमतायत तोवर सगळं ठीक. घुमणं थांबलं की समजायचं, गेलं काहीतरी. मग धावायचं. आमच्याकडे शांतता म्हणजे बिघाड. इथे येऊन पडतो. सगळं चिडीचूप. अंग म्हणतं, ऊठ."

"मग झोपता कधी?" काकूंनी विचारलं.

"लागते डुलकी. बसमध्ये बरी लागते."

"इतकी वर्षं?"

"बरीच."

"आणि बोलला नाहीत?"

काकांनी खुर्चीच्या पायाकडे बोट दाखवलं. "मोजे शिवलेस तू याला. कसं बोलणार?"

काकू स्वयंपाकघरात गेल्या. एक पातेलं ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. मध्ये फडकं नव्हतं.

पुढचे काही दिवस त्या घरातून सगळे आवाज येत होते. झाकणं, कपाटं, भर दुपारी मशीन. बेलमधला बोळा जिन्यात पडलेला होता. जिन्यातल्या एका पोराने चेंडू दारावर मारला आणि वाट बघत उभं राहिलं. कुणी काही म्हणालं नाही. त्याने पुन्हा मारला. मग चेंडू काखेत धरून घरी निघून गेलं.

काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "रागावलीय. पण कुणावर, ते तिलाही कळत नाहीये." मी मान हलवली. मलाही कळत नव्हतं.

खुंटी आली. आम्ही सायीच्या रंगाची गिटार घेऊन दुकानात गेलो. काळी तयार होती. काकूंनी ती मांडीवर घेतली. वाजवली. मग दुसरी घेतली. मग पुन्हा काळी.

"काळीच चांगली आहे," मी म्हटलं. "सगळे तेच म्हणतात."

"माहीतय मला." त्या काळीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज खाली गेला होता, सवयीने. "ही माझ्या मापाची आहे. ती जुनी नेली तर ती पुन्हा ह्यांच्याच झोपेची झाली ना गं? यावर काही लिहिलेलं असतं का? तू एवढं वाचतेस."

यावर कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

काकू आलटून पालटून दोन्ही गिटारींच्या कडेवर हनुवटी टेकवून बघत राहिल्या. दुकानदार कंटाळून दुसरं गिऱ्हाईक बघायला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "काकू, ही जुनी आवडली असेल तर आतून पत्रा लावून देतो. घुमणं बरंच कमी होईल."

"हात लावू नका तिला!"

त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पलीकडच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. काकूंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग तो काढला.

"काळी मुकी होती म्हणून घेतली मी," त्या मला म्हणाल्या. आता आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. चारचौघांचा असतो तसा होता. "हिला वायर लावावीच लागणार. म्हणजे मी ऐकू येणार. त्या दिवशी आले की नाही?"

"आलात."

"वाईट वाजवत होते?"

"फार."

"तरी आले ना ऐकू." त्यांनी काळी गिटार दुकानदारापुढे ठेवली. "ही ठेवून घ्या. वरचे पैसे परत द्या. मुलगी वाचलेली आहे सोबत, फसवू नका."

आता काकूंचं स्टूल स्वयंपाकघरात नसतं. झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याशी असतं. शेजारी अँप. जाड पडदा बाजूला केलेला, कारण त्यांना बोटं दिसायला उजेड लागतो. आत काका पलंगावर आडवे.

काल मी गेले तेव्हा काकू एक जागा पुन्हा पुन्हा चुकत होत्या. अँप घुमत होता. त्याच्या वरताण आतून काकांचं घोरणं येत होतं. लाकूड कापल्यासारखं.

काकूंनी हात थांबवला आणि कान देऊन ऐकत राहिल्या.

"हे घोरतात हे मला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं गप्प पडून असायचे. मी म्हणायचे, काय शांत झोपतो माणूस."

त्यांनी डोळे पुसले की नाक, नीट दिसलं नाही. मग गिटार सावरली आणि पुन्हा सुरुवात केली. त्याच जागी घोरणं चढलं. काकू पुन्हा चुकल्या.

त्या खोलीकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "अहो, हळू!"

काका उठले नाहीत.