खालाच्या कोंबड्या मेल्या तेव्हा

मोताळ्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फोन दुरुस्त झाला की स्पीकर तपासायला मी त्यातलाच एखादा व्हिडिओ लावून बघतो. त्या हिवाळ्यात कोणाचाही फोन उघडला तरी एकच गोष्ट ऐकू यायची. आधी कुठल्याशा लांबच्या देशात कोंबड्या मेल्याची, मग तिथल्या एका माणसाला पक्ष्यांचा फ्लू लागल्याची, मग त्याच्या शेजारच्या देशाची. हा रोग आता सीमा मानत नाही, असं त्यातला माणूस सांगायचा. मी आवाज बंद करून फोन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो. तोवर ते सगळं परक्यांचं होतं.

मग बातमी मध्य प्रदेशातून आली. तिकडे कावळे मरत होते. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची उत्तरेची कड त्या राज्याला लागूनच आहे. इकडची माणसं तिकडे सोयरीक करतात, तिकडचा माल इकडच्या बाजारात येतो. दुकानात बसलेला एक म्हातारा म्हणाला, "गाडी अडवता येते नाक्यावर. कावळ्याले कोन अडवीन?" बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझी मुलगी रोजची संध्याकाळ कोंबड्यांत काढत होती.

ती तेव्हा पहिलीत होती. बायको साखरखेर्ड्याला माहेरी गेलेली. सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या, त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, आणि त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं. घरात मी आणि मुलगी. शाळा सुटली की ती शेजारी खालाकडे जायची आणि मी दुकान बंद करून येईपर्यंत तिथेच असायची. खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा बाई. मुली लग्न होऊन अकोल्याकडे गेलेल्या, घरात ती एकटी. अंगणात गावरान कोंबड्या. आसपासची पाच-पन्नास घरं तिच्याकडूनच अंडी न्यायची. मुलगी तिथे जेवायची, तिथेच अभ्यास करायची, आणि कोंबड्यांना दाणे टाकायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. पांढऱ्या मानेची एक कोंबडी तर तिच्या मांडीवर येऊन बसायची.

एका सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या कडुलिंबाखाली कावळे मरून पडलेले दिसले. पंख पसरलेले, चोची मातीत. लोक लांब उभे राहून फोनवर फोटो काढत होते. मी मुलीला शाळेत सोडायला निघालो होतो. तिला पाठीमागे घेतलं आणि दुसऱ्या रस्त्याने नेलं. वाटेत तिला म्हणालो, "आजपासून कोंबडीले हात नाई लावायचा. कळलं?"

"काऊन?"

"त्याहिले बरं नाई."

"मंग दवाई द्या ना त्याहिले," ती म्हणाली.

दुकानात त्या दिवशी काम सुचत नव्हतं. एक ओळखीचा माणूस टेकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुही पोट्टी त्या बाईच्या घरी राह्यते ना? नको ठेवू बे तिथी." त्याच्या बोलण्यात रोगाच्या पलीकडचंही काही होतं, ते मला कळलं. पण भीती अशी असते की ती बोलणाऱ्याचं तोंड बघत नाही. दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

दुपार कलली तेव्हा खाला स्वतःच दुकानासमोर आली. एरवी ती कधी बाजारात येत नसे. आत आली नाही, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहिली, ओढणी तोंडावर घट्ट धरलेली. मी उठून जायला लागलो तर तिने हात वर केला.

"तिथूनच आयक, भाऊ. माह्या कोंबड्या मरू राह्यल्या. काल रातच्याले दोन गेल्या, आता सकाळपासून आनखी. तुरे निळे पडले त्याहिचे."

"कोणाले सांगतलं?"

"जनावराच्या दवाखान्यातून आताच आली. डॉक्टरले सांगून आली. ते येऊन राह्यले." मग म्हणाली, "पोरीले आज माह्याकडे नको धाडू. शाळेतून तूच घेऊन जाय. अन् एक गोष्ट सांगतो तुले, रागावू नको. काल संध्याकाळी ते पांढऱ्या मानेची मान टाकून बसली होती. पोरीनं तिले मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजलं. मी आत भाकरी करत होती. बाहेर आली तवा पायलं."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो गेल्यावर पाहिलं तर खाला चालायला लागली होती. मी शटर ओढलं आणि शाळेकडे जवळजवळ पळत गेलो.

मुलगी ठीक होती. मी तिला घरी आणून साबणाने डोक्यापासून पायांपर्यंत अंघोळ घातली. कालचा फ्रॉक उकळत्या पाण्यात टाकला. तिला वाटलं मी तिच्यावर रागावलोय. ती रडत म्हणाली, "पप्पा, तिले तहान लागली होती." मी तिला जवळ घेतलं आणि त्याच क्षणी मनात आलं की आपण हिला जवळ घ्यावं की नाही. आपल्या लेकराबद्दल असा विचार मनात यावा, याचीच मला जास्त भीती वाटली.

भिंतीपलीकडे माणसांचे आवाज येत होते. पांढरे कपडे अंगभर घातलेली माणसं खालाच्या अंगणात फिरत होती. मेलेल्या कोंबड्या त्यांनी पिशव्यांत घातल्या. नमुने पुण्याला आणि तिथून भोपाळला जाणार, असं त्यांच्यातलाच एकजण गल्लीतल्या लोकांना सांगत होता. रिपोर्ट येईपर्यंत कोणी अंगणात जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मुलीचं अंग तापलं.

मी थर्मामीटर तीनदा लावला. मग साखरखेर्ड्याला फोन केला. बायकोला सगळं सांगितलं, कोंबडीचंही.

"श्वास कसा घेऊ राह्यली?" तिने विचारलं.

"नीट घेऊन राह्यली. थोडी खोकते."

"डॉक्टरले कोंबडीचं सांगा. लपवू नका काही. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो." तिचा आवाज स्थिर होता. फोन ठेवताना मात्र तिला हुंदका आला, तो मी ऐकला.

गावातल्या सरकारी दवाखान्यात कोंबडीचं नाव काढताच डॉक्टरीण बाई उभ्या राहिल्या. त्यांनी दोन पावलं मागे घेतली, मग स्वतःलाच सावरून पुढे आल्या, मास्क नीट केला आणि मुलीची छाती तपासली. त्यांचंही वय फार नव्हतं. "घाबरू नका, पण बुलढाण्याला न्यावं लागेल, आत्ताच," त्या म्हणाल्या. गाडी बोलावली. आम्हाला मागे बसवलं. ड्रायव्हरने आमच्या आणि त्याच्या मधली काच लावून घेतली.

राजूर घाट मी शेकडो वेळा चढलो असेन. त्या संध्याकाळी तो संपतच नव्हता. प्रत्येक वळणावर मुलगी माझ्या अंगावर कलायची आणि तिच्या कपाळाचा चटका माझ्या दंडाला लागायचा. मी तिचे श्वास मोजायला लागलो, मग मोजायची भीती वाटायला लागली म्हणून थांबलो. तिने विचारलं, "पप्पा, कोंबडी मेली का?"

"हो."

"मंग मी?"

मी तिला म्हणालो की माणसांचं वेगळं असतं, माणसांना औषध असतं. व्हिडिओत ऐकलेलं सगळं मला त्याच वेळी आठवत होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात आम्हाला टोकाच्या खोलीत ठेवलं. घशात काडी घालून नमुना घेतला तेव्हा तिने माझा अंगठा असा धरला की नखं रुतली. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. आत येणारा प्रत्येकजण डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेला, फक्त डोळे दिसायचे. मुलगी डोळ्यांवरून त्यांना ओळखायला शिकली. मलाही मास्क, टोपी, अंगभर झगा. त्या वेषात तिला कुशीत घेतलं की प्लास्टिक चरचरायचं.

बायको आईला शेजारणीवर सोपवून चिखलीमार्गे दुपारपर्यंत पोहोचली. तिला आत येऊ दिलं नाही. खोलीच्या दाराला एक चौकोनी काच होती, तिथे ती उभी राहायची. तिने काचेवर हात ठेवला की मुलगी उठून बसायची. मी त्यांच्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत राहायचो, कारण बायकोच्या डोळ्यांत जे असेल ते मला वाचायचं नव्हतं.

मधेच एकदा ताप उतरला. आम्ही हुरळलो. संध्याकाळी पुन्हा चढला, आधीपेक्षा जास्त. त्याच सुमाराला माझ्या फोनवर गल्लीतल्या कोणीतरी निरोप टाकला: कोंबड्यांचा रिपोर्ट आला, बर्ड फ्लूच निघाला.

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. काचेपलीकडे बायकोच्या फोनवरही तो आला असावा. तिने फोन बघितला आणि हळूहळू खाली बसली. काचेत मला फक्त समोरची रिकामी भिंत दिसायला लागली. मी मुलीला गोष्ट सांगत होतो, ती तशीच सांगत राहिलो. त्या गोष्टीत एक ससा होता आणि तो कुठे चालला होता हे मलाच आठवेना. "पप्पा, तुम्ही तेच सांगून राह्यले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खालाचा फोन आला. गल्लीतल्या साऱ्या घरांच्या कोंबड्या धरून नेल्या होत्या, आजारी आणि धडधाकट दोन्ही. गावाबाहेर खड्डा खणून पुरल्या, वर चुना टाकला. खालाचं खुराडं जाळलं. शेजाऱ्यांच्या कोंबड्या तिच्यामुळे गेल्या म्हणून एक बाई तिला दारात येऊन बोलून गेली होती. हे तिने अगदी थोडक्यात सांगितलं.

"माह्या कोंबड्यायचं सोड," ती म्हणाली. "पोरगी कशी आहे?"

"ताप आहे अजून."

"मी नमाजात तिचंच नाव घेऊन राह्यली." आणि मग ती खोकली. फोन लांब धरून खोकली, तरी मला ऐकू आलं.

"खाला, तुम्हाले खोकला कवापासून?"

"कालपासून. सांगतलं दवाखान्यात. गाडी येऊन राह्यली."

त्या दिवशी आमच्या शेजारची खोली उघडली. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायला लागला. मुलगी कान देऊन ऐकत होती. "खाला आहे," ती म्हणाली. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "तिचाच खोकला आहे. मले माहीत आहे." तिने भिंतीवर बोटांनी टकटक केली. थोड्या वेळाने पलीकडूनही टकटक झाली. मुलगी हसली, आणि मी तोंड फिरवलं. आता मला दोघींसाठी भीती वाटत होती.

मुलीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर दारातच उभे राहून बोलले. कोंबड्यांचा तो रोग तिला नव्हता. हंगामी फ्लू होता, त्या दिवसांत शाळेतल्या कितीतरी मुलांना झालेला. त्यांनी ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी नुसताच बघत राहिलो. बायकोने काचेपलीकडून खुणेने विचारलं. मी मान हलवली, तर तिला कळेना की होकार आहे की नकार. शेवटी मी मास्क खाली ओढला आणि हसून दाखवलं. तेव्हा ती भिंतीला टेकून रडली.

खालाचा पहिला नमुना नीट आला नव्हता, पुन्हा घ्यावा लागला. आम्हाला घरी सोडलं तेव्हा ती अजून आतच होती. तिच्या दारावरून जाताना आम्हाला थांबू दिलं नाही. मुलीने जाता जाता दारावर टकटक केली. आतून काही आलं नाही. नंतर कळलं, ती झोपली होती. तिचाही रिपोर्ट चांगला निघाला.

घरी आल्यावर खालाने स्वतःच आम्हाला लांब ठेवलं. अंगणात चुना पसरलेला, खुराड्याच्या जागी काळा डाग. बायको भिंतीवर डबा ठेवायची. खाला आम्ही मागे सरल्यावर तो उचलायची. "अजून नको येऊ," ती मुलीला ओट्यावरून सांगायची. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही ती आणखी काही दिवस थांबली. मग एका संध्याकाळी तिनेच हाक मारली.

आम्ही तिघं तिच्या ओट्यावर बसलो. मुलीने कोंबड्यांचं विचारलं आणि खालाने काही न लपवता सगळं सांगितलं, खड्ड्याचंही. मुलगी जरा वेळ रडली, मग आत पाणी प्यायला गेली.

खाला माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या खोलीत मले माह्या जिवाचं भेव नव्हतं, भाऊ. भिंतीपलीकडून तिचा आवाज बंद झाला की अंगाले काटा यायचा. तिले काही झालं असतं तं मी तुमच्यासमोर कशी उभी राह्यली असती?"

"मलेही लय भेव वाटलं," मी म्हणालो. हे मी तोवर कोणालाच बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली.

आत मुलगी पाणी पिताना ठसकली. आम्ही तिघंही एकदम उठलो आणि दाराशी एकमेकांना धडकलो. ती पेला हातात धरून, ओठ पुसत आमच्याकडे बघत होती. "पानी घशात अडकलं," ती म्हणाली. तरी बायकोने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग खालाने, आणि मग मी.