शुक्रवारचा डबा

त्या उपवासकाळात माझी प्रार्थना ओठांवर असायची आणि आत शंका. आई सरकारी दवाखान्यात महिला वॉर्डात होती. पोटातल्या अल्सरमधून रक्त जात होतं आणि ते पुरतं थांबत नव्हतं. मी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम करतो. दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत की मला चैन पडत नाही. इथे जुळत नव्हतं ते असं, की उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून मी एकही नियम मोडला नव्हता, तरी आई खालावत चालली होती. प्रभूकडे मागताना माझ्या स्वरात विनवणीपेक्षा तक्रार जास्त होती. हे लिहितानाही मान खाली जाते.

आम्ही गंगापूरकडचे कॅथलिक. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य, मासा चालतो. त्या शुक्रवारी बायकोने पडेगावच्या घरून डबा पाठवला होता. एका पुडात पैठणच्या धरणातल्या रोहूचे तळलेले तुकडे, दुसऱ्यात ज्वारीच्या भाकरी. आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसून मी तो उघडला. शेजारच्या खाटेवर करमाडच्या एक बाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. सोबतीला त्यांचे यजमान होते, साठीचे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ. वॉर्डात सगळे त्यांना तात्या म्हणत. माशाचा वास आला तसे ते उठले, ‘जेवा निवांत’ म्हणाले आणि व्हरांड्याकडे निघाले.

मला ते लागलं. मी म्हणालो, माझा आज उपासच आहे. तात्या दारात थांबले.

“उपासाला मासा चालतो व्हय?”

मी समजावून सांगितलं. जमिनीवरच्या जनावरांचं आणि पाखरांचं ते मांस. मासा त्यात धरत नाहीत. नियम शेकडो वर्षांचा आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी तुमच्यात मासा शाबूदाण्यात मोडतो म्हणा की.”

समोरच्या खाटांवरच्या बायका हसल्या. तात्यांच्या बायकोने पडल्या पडल्या त्यांना दटावलं. मीही हसलो, पण घास गोड लागेना. मासा कसाबसा संपवला आणि भाकरी तशाच ठेवून डबा लावून टाकला. त्यांच्या माळेबद्दल माझ्या मनात जे आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी आईचं रक्त आणखी उतरलं. लगेच रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. गट बी निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. माझा गट तोच, पण पूर्वी झालेल्या काविळीमुळे माझं रक्त घेत नाहीत. व्हरांड्यात उभा राहून मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. कार्यालयातल्यांनी सगळीकडे निरोप पाठवले. कुणी गावाला होतं, कुणाचा गट वेगळा. शेवटी फोन खिशात टाकला आणि भिंतीला टेकलो. तक्रारसुद्धा सुचेना.

तात्या तिथेच बसले होते. “माझं बी तेच हाय,” ते म्हणाले. “सप्त्यात शिबिर झालं, तवा सांगितलं होतं.”

रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी त्यांना शेवटचं काय खाल्लं ते विचारलं. त्या दिवशी एकादशी होती. बायकोच्या ऑपरेशनसाठी तात्यांनी ती निरंकार धरली होती. पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं. रिकाम्या पोटी रक्त घेता येणार नाही, जेवून या, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हणालो, बाहेरून शाबूदाण्याची खिचडी आणतो, उपासाचं तरी होईल. पण दवाखान्याबाहेर पडून ती शोधायची, म्हणजे वेळ जाणार.

“तुमच्या डब्यात भाकरी हाय ना?”

“आहे. पण तो माशाचा डबा आहे, तात्या.”

ते उठून चालू लागले. वॉर्डात येऊन आधी बायकोला विचारलं, उपास सोडून रक्त देऊ का. बाई माझ्या आईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. “जावा की,” त्या म्हणाल्या. “इचारता काय?”

तात्यांनी हात धुतले, माझ्या स्टुलावर बसले आणि पाण्याच्या घोटाबरोबर भाकरी खाऊ लागले. भाकरीला वास लागलेला होता. मला तो उभ्या जागी येत होता. मी एकादशीबद्दल काहीतरी पुटपुटलो.

“ती पंधरवड्यानं परत येती,” तात्या म्हणाले. “तुमची माय येईल का?”

संध्याकाळी आईला ते रक्त चढलं. ती वाचली. तात्यांच्या बायकोचं ऑपरेशनही नीट पार पडलं. यात चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. मला हवं ते रक्त शेजारच्या खाटेपाशी बसलेलं होतं आणि मी त्यावर मनातल्या मनात चिडलो होतो, एवढं मात्र खरं.

आई बोलायला लागल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, “उपाशी होता तो? मंग काय खाऊ घातलंस त्याला?” मी सांगितलं.  मग ती म्हणाली, “आन् तू काय खाल्लं होतंस?”



मासा मांसात मोडत नाही, हा आमचा नियम आहे आणि मी आजही तो चूक म्हणत नाही. पण मी तो पाळला होता प्रभूपुढे हक्काने उभं राहण्यासाठी. तात्यांनी आपला उपास बायकोसाठी धरला आणि माझ्या आईसाठी सोडला. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःकडे काही ठेवलं नाही. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे काय, ते मी प्रवचनांतून पुष्कळ ऐकलं होतं. पाहिलं ते त्या स्टुलावर.

पुढच्या शुक्रवारी तात्यांच्या बायकोला घरी सोडणार होते. दुपारी मी डबा उघडला तसे तात्या वाकून बघायला आले.

“आज मासळी नाय व्हय, पेपरवाले?”

नाही म्हणालो. भाकरी आणि पिठलं होतं.

“मंग भाईर जायचं काम नाय,” म्हणत त्यांनी तिथेच फरशीवर मांडी घातली आणि आपलं फडकं सोडलं. मी स्टूल सरकवून त्यांच्या शेजारी खाली बसलो. जेवणाआधीची प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे, पण त्या दिवशी मध्येच अडलो. तात्या घास हातात धरून माझी प्रार्थना संपायची वाट बघत होते. मी मनात फक्त आभार म्हणालो आणि भाकरी मोडली.