लागतील तसे नेईन

तळहातावर ते प्लास्टिकचं हिरवं जनावर ठेवायचं, नाकाजवळ न्यायचं, डोळे मिटून हुंगायचं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणायचं, "शेठ, भवानी करायला आलो." ही त्या माणसाची पद्धत. तुमच्यापैकी जे त्या काळात गोदाघाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीतून जात असतील, त्यांनी त्याला माझ्या पायरीवर बसलेलं कधीतरी पाहिलं असेल. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काखेत काळी छत्री. दुकानाची फळी उघडायच्या आधीच हजर.

माझा धंदा जुन्या वस्तूंचा. हातगाडीवर डबे-बाटल्या गोळा करत मी वर आलो. मला कुणी बापाचं दुकान दिलं नाही की सासऱ्याचं भांडवल. त्यामुळे भाव करताना मी कुणाचा बाप काढायला कमी करत नसे, हे आधीच सांगून टाकतो. पण एक नियम पाळला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. भवानी चुकली की दिवस गेला, असं मी मानतो. आणि दुसरा नियम, एकदा तोंडातून भाव गेला की मागे फिरायचं नाही. हे दोन्ही नियम त्या माणसाने माझ्यावरच वापरले. माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे ती हीच.

ती जनावरं मला चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला देवळालीच्या एका बंगल्यातून मिळाली. मालक विलायतेला गेले होते, सामान विकायला काढलं होतं. आरामखुर्च्या, काचेची भांडी आणि एक पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात प्लास्टिकची बारा जनावरं. कुणाची मान लांब, कुणाला तीन शिंगं, कुणाच्या पाठीवर उभ्या फळ्या. प्रत्येकाच्या पोटावर इंग्रजीत बारीक अक्षरं. मी दुकानात मांडली आणि पाटीवर लिहिलं, "विलायती पाली."

दुसऱ्या दिवशी हा आला. पाटी वाचून हसला.

"पाली नाहीत, शेठ. डायनासोर आहेत हे."

"तुम्ही काहीही म्हणा. घ्यायच्यात का?"

त्याने मोजले. बोट लावून एकदा, न लावता एकदा. बारा म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. मला वाटलं, भाव ऐकायला घाबरतोय. मी म्हटलं, "खोकं उचला. बाराही मिळून निम्म्या भावात देतो."

"एकदम नको." त्याने लांब मानेचा उचलला, हुंगला. "आज हा. बाकीचे ठेवा. कुणाला विकू नका. लागतील तसे नेईन."

लागतील तसे म्हणजे काय? हे काय कांदे आहेत? पण भवानीची वेळ. मी मान डोलावली, "ठेवतो" म्हणून गेलो. तोंडातून शब्द गेला तो गेलाच.

तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात स्टोअरकीपर होता, एवढं मला पुढे कळलं. नट-बोल्टांना चिठ्ठ्या बांधायचं काम. सदऱ्याच्या खिशात दोऱ्याची रीळ आणि कापलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे कायम असत. कधी चार महिन्यांनी यायचा, कधी दीड वर्षाने. मधल्या काळात त्याचं तोंड दिसायचं नाही. यायचा तेव्हा सकाळीच, पांढऱ्या टोपीत. पाच-दहा मिनिटं त्या खोक्यासमोर उभा राहायचा. माणूस साडी निवडतो तसं निवडायचा. "हा नको, हा फार शांत दिसतो. हा द्या, शिंगवाला. अगदी तसाच होता, डोकं खाली घालून अंगावर यायचा."

"कोण?"

"भवानी घ्या, शेठ."

भाव नेहमी पाडून मागायचा आणि मला द्यावा लागायचा. मी त्याला तोंडावर "भवानीवाले" म्हणायला लागलो. त्याने कधी नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या नावाचं मला काय करायचंय?

चौथ्या की पाचव्या खेपेला तो छत्री विसरला. आभाळ भरून आलं होतं. मला चीड अशी की, ही छत्री आता माझ्या दुकानात पडून राहणार आणि हा वर्षाने येऊन भांडणार. मी ती घेऊन त्याच्यामागे घाटावर उतरलो. शोधत गेलो तर हा दहाव्याला आलेल्या माणसांत बसलेला. पुढे एक मुंडन केलेला तरुण पिंडाजवळ, गुरुजी मंत्र म्हणतायत, आणि हा मागच्या पायरीवर एकटा, मांडीवर ते शिंगवालं जनावर घेऊन त्याच्या मागच्या पायाला चिठ्ठी बांधतोय. चिठ्ठीवर नाव. तेच नाव गुरुजींनी त्या क्षणी उच्चारलं.

छत्री पायरीवर ठेवून मी वर निघालो. तेवढ्यात तो मागून आला.

"शेठ, रागावू नका."

"हा काय प्रकार आहे?"

"आम्ही बारा जण कळवणहून एका ट्रकच्या हौद्यात बसून नाशकात आलो. वीस-बावीस वर्षांची पोरं. बारा जणांत एक खोली आणि एक स्टोव्ह. पुढे कुणी गिरणीत, कुणी एस.टी.त, कुणी कचेरीत. त्या सकाळी तुमचं खोकं दिसलं तेव्हा मी पहिल्याच्या दहाव्याला चाललो होतो. मान लांब होती त्याची. आम्ही त्याला उंट म्हणायचो." तो थोडा हसला. "बारा निघाले, शेठ. अकरा निघाले असते तर मी पुढे गेलो असतो."

मी त्याला शिव्या दिल्या. दुकान आहे माझं, स्मशान नाही. पुन्हा पायरी चढू नकोस म्हणालो. सहा महिन्यांनी पुन्हा पायरीवर. पांढरी टोपी. पहिलं गिऱ्हाईक.

मग माझी सवयच बिघडली. फळी उघडताना आधी फटीतून बघायचो, पायरीवर पांढरं काही आहे का. असलं की फळी तशीच धरून ठेवायचो. खोक्यात सात उरले, मग सहा. रात्री दुकान बंद करताना मी ते मोजायला लागलो. मला काय त्यांचं! पण मोजायचो.

याच सुमाराला मुंबईचा एक शौकीन माणूस आला. जुनी खेळणी जमवणारा. खोकं पाहून त्याचा श्वास अडकला, हे मी लगेच ओळखलं. त्याने जो आकडा सांगितला तेवढ्यात मी दुकानाचं छप्पर नवं केलं असतं. मी उद्या या म्हणालो. रात्रभर स्वतःशी भांडलो. शब्द दिलाय, पण कुणाला? मेलेल्यांच्या पायाला चिठ्ठ्या बांधणाऱ्या माणसाला! ठरवलं, द्यायचे. सकाळी फळी उघडली तर पायरीवर भवानीवाले.

संताप आवरला नाही. म्हणालो, "आज दोन न्या. परत परत येऊ नका."

त्याने झटकन हात वर केला. "दोन नको. असं बोलू नका, शेठ."

त्याने एकच नेला. मुंबईवाला दुपारी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, माल विकायचा नाही. का, ते मला सांगता आलं नाही. ते छप्पर अजून गळतं.

अकरावा गेला तेव्हा त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. खोक्यात एकच उरला. सगळ्यांत लहान, मिटल्या तोंडाचा, रंग उडालेला. दर खेपेला त्याची बोटं त्याच्यावरून जायची आणि पुढे सरकायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीतून तिने शेंगा काढून माझ्यापुढे ठेवल्या, जणू मी पाहुणा.

"भाऊ, तो शेवटचा ह्यांना देऊ नका."

"मी का देऊ?"

"डाक्टरनं ह्यांच्या छातीचं सांगितलंय. तेव्हापासून एकच धोशा, तो आणतो नि मोकळा होतो. तो तुमच्याकडं हाय तोवर हे हायेत, असं माझं मन म्हणतं. तुम्ही लय भांडता म्हणे. भांडा. देऊ नका."

मी कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्या भांडकुदळपणासाठी विनवत होतं.

तो आला. टोपी नव्हती, साधा चौकड्यांचा सदरा.

"आज कुणाचं दहावं?" मी विचारलं.

"कुणाचं नाही. उरलंय कोण?"

"मग कशाला हवाय?"

"बाकीच्यांचे मी न्यायला आलो, शेठ. माझ्या दहाव्याला तो न्यायला कोण येणार? म्हणून आधीच नेऊन ठेवतो."

सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. आमच्या धंद्यात नाही म्हणायचं असेल तर असा भाव सांगायचा की माणूस आपणच पायरी उतरतो. मी तेच केलं. म्हणालो, "याचा भाव ठरलेला आहे. तुमचे अकरा आणा, मग हा न्या."

त्याने खोक्यातल्या त्या शेवटच्याला बोटाने सरळ उभं केलं. मग उतरला. मला वाटलं, जिंकलो. दिवसभर मी गल्लीत फुशारकी मारली.

दुसऱ्या दिवशी फळी उघडली तर तो उभा, दोन्ही हातांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून. त्याने डबा उघडला आणि एकेक काढून माझ्या गल्ल्यावर मांडला. उंट, शिंगवाला, पाठीवर फळ्या असलेला. अकरा. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. सगळ्यांची तोंडं त्याने माझ्याकडे केली.

"भवानी करायला आलो, शेठ."

मी म्हणालो, "अहो, मी चेष्टा केली."

"तुम्ही भावात चेष्टा करत नाही."

गल्लीतली दोन-चार माणसं बघत होती. माझा शब्द, माझी भवानी, माझं नाव. मला इतका संताप आला की मी तो मिटल्या तोंडाचा उचलला आणि त्याच्यापुढे आदळला. "न्या! मरा!"

हो, मी असं म्हणालो.

त्याने तो उचलला, हुंगला. "याला सगळ्यांत जास्त वास आहे," म्हणाला आणि उतरून गेला.

पाऊस संपता संपता एका सकाळी फळी उघडली. पायरीवर पांढरं होतं. त्याच्या बायकोचं पातळ. ती काही बोलायच्या आधी मी घाट बघितला. खाली माणसं जमत होती.

मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने मुठीतून तो काढला आणि गल्ल्यावर ठेवला.

"हा अकरांत ठेवा, भाऊ. घरात मला बघवत नाही."

मागच्या पायाला चिठ्ठी होती. कोरी.

"यावर नाव नाही लिहिलं त्यांनी?"

"म्हणले, आपलं आपण कसं लिहायचं. शेठ लिहितील."

मी कानावरची पेन्सिल काढली. चिठ्ठी बोटात धरली. आणि लक्षात आलं, इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडलो, त्याचं नाव मला माहीत नाही.

"नाव काय त्यांचं?"

तिने पदर पुढे ओढला आणि खाली बघितलं. जन्मभर तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. आताही काढेना. निऱ्या आवरत घाट उतरून गेली.

खाली गुरुजी ते नाव मोठ्याने घेणारच होते. पन्नास पावलांचा रस्ता. मी गेलो नाही. पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

ते बारा आता दुकानात, माझ्या मागच्या फळीवर आहेत. अकरांच्या चिठ्ठ्यांवरची शाई फिकी झाली आहे, बारावीवर काहीच नाही. कधीकधी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाचं लक्ष तिकडे जातं. "केवढ्याला देता, शेठ?"

मी भाव सांगत नाही. विकायचे नाहीत म्हणतो, आणि ते पायरी उतरून जातं. त्या दिवसाची भवानी बुडते. बुडू द्या.