सरकीची गादी

इकडे ये पोरी. अशी दारात उभी राहू नको, माह्याजवळ येऊन बस... असं म्हणायले तू समोर तर पायजे. रफीकभाई गेला तवापासून एकाही गुरुवारी तुह्यं तोंड दिसलं नाही. मी तुह्या घरी येऊन गेली, तर तुह्या वयनीनं सांगतलं, झोपली आहे. अन् खिडकीचा पडदा हलला तो काय वाऱ्यानं? इतकी शहाणी कधीपासून झालीस तू? बरं, तू भेटत नाहीस तर मी पेपरात लिहिते. पुरवणी तू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतेस, मले माहीत आहे. तुह्यं नाव मी लिहिणार नाही. बाकी वाचणाऱ्यायनं रागावू नये. एका गेलेल्या माणसाची गोष्ट मी एका असलेल्या माणसाले सांगून राहिली आहे, तुमीही ऐका.

फोन आला तवा मी अंबाडीची भाजी निवडत होती. रफीकभाईची लेक शबाना अकोल्याहून बोलत होती. म्हणाली, "काकू, अब्बा गेले." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला, भाजी निवडली, धुतली, शिजवली. जेवताना दिलीपनं विचारलं, कोणाचा फोन होता. दिलीप म्हणजे माहा लेक, त्यालेही तुमच्यासारखाच आवाज ऐकू येण्याचा आजार आहे. मी सांगतलं, रफीकभाई गेला. तो हातातल्या घासाकडं पाहत राहिला, मग त्यानं तो खाल्ला. मीही खाल्लं. भाजीत मीठ होतं का नव्हतं, ते दोघायपैकी कोणालेच कळलं नाही. तवापासून असंच आहे. रडू येत नाही. गादीत दाबून भरतात तसा छातीत कोणी कापूस भरून ठेवल्यासारखं वाटते.

तू त्याले फक्त गुरुवारचा पाहिलास. मी त्याले त्याच्या आधीचा पाहिला आहे. तो पिंजारी, गाद्यायचा कापूस पिंजून देणारा. अमरावतीत आमच्या गल्लीत थंडी लागली की खांद्यावर पिंजण घेऊन यायचा, तिच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या तारेवर, बोट मारून टंग टंग वाजवायचा, अन् बाया जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. कापूस उडायचा तो त्याच्या भुवयायवर, दाढीवर बसायचा. मी म्हणायची, "रफीकभाई, तू तर आताच म्हातारा झालास." तो म्हणायचा, "काकू, झटकलं की पुन्हा जवान. तुमचं तसं नाही." असा तोंडाचा फटकळ माणूस. मग एका वर्षी तो आलाच नाही. घरी जाऊन पाहते तर पिंजण भिंतीले उलटं टांगलेलं, अन् हा कोपऱ्यात. म्हणाला, "तातीतून कोणीतरी बोलते, काकू. माहं नाव घेऊन शिव्या देते." ज्याच्या हाताले दुसरं काम येत नाही, त्याले आपल्याच कामाची भीती बसली. ते दिवसही कसे, कापूस बुडाला म्हणून गावोगावी शेतकरी जीव देत होते, अन् बाजारात तयार फोमच्या गाद्या आल्या होत्या. त्यामुळं पिंजारी गल्लीत येत नाही, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या घरच्यायनं त्याले दर्ग्यावर नेलं, मी दिलीपले रिद्धपूरच्या देवस्थानात नेलं होतं. चार दिवस बरं वाटलं, खोटं कायले बोलू. पण पाचव्या दिवशी घरी यावंच लागते. डॉक्टरनं स्किझोफ्रेनिया म्हटलं. गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी झाले, पुरे गेले नाहीत.

मग माह्या समोरच्या खोलीत आवाज येणाऱ्यायचं गुरुवारचं बसणं सुरू झालं. ते घ्यायच्या दवाखान्यातल्या मॅडम, नुकत्याच पुण्याकडून आल्या होत्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे त्या पहिल्यांदा सांगायच्या, मग म्हणायच्या, आवाजाशी भांडू नका, त्याचं ऐकूही नका, तो आला हे फक्त पाहा. पहिल्या दिवशी सगळे सतरंजीवर बसले. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. श्वासावर ध्यान ठेवा." सगळ्यायनं डोळे मिटले, एकट्या रफीकभाईनं मिटले नाहीत. तो टकटक पाहत बसला, एकदा दाराकडं, एकदा आमच्याकडं. मॅडमनं विचारलं, "रफीकभाई, तुम्ही डोळे का नाही मिटले?"

तो म्हणाला, "तुमीच म्हणता ध्यान ठेवा, अन् तुमीच म्हणता डोळे मिटा. डोळे मिटून कोणी ध्यान ठेवते का, मॅडम?"

मॅडमले काही समजलं नाही. मी हसू दाबून सांगतलं, "मॅडम, आमच्याकडं गावाले जाताना शेजारणीले म्हणतात, घराकडं ध्यान ठेवजा. म्हणजे राखण करा. त्याले वाटलं, तुमी त्याले राखणीवर बसवलं."

"मग काय तर," रफीकभाई म्हणाला. "हे सगळे डोळे मिटून बसले. कोणी आलं गेलं तर पाहणार कोण?"

मॅडम हसल्या नाहीत, हे मले फार आवडलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. ज्यांना आवाज येतात त्यांना डोळे मिटायची भीती वाटतेच. तुम्ही उघडे ठेवा." तवापासून रफीकभाईची जागा दारापाशी. बाकीचे श्वास पाहायचे, तो आमाले पाहायचा. मॅडम फार वेळ शांत बसवायच्या नाहीत, मधून मधून बोलत राहायच्या, अन् मधूनच रफीकभाई खाकरायचा, म्हणजे मी आहे. मॅडमनं नंतर त्याले समजावलं, की आवाजाचंही असंच करा, राखणदार येणाऱ्याले पाहते, प्रत्येकाच्या मागं धावत नाही. ते त्याले एकदम पटलं.

अन् मग तू आलीस. आठवते का तुले? चप्पल न काढता बसलीस, केव्हाही उठून पळता यावं म्हणून. किती तरी गुरुवार तू भिंतीले पाठ लावून, डोळे ताणून बसायचीस. कोणी काही म्हटलं नाही. एक दिवस रफीकभाईनंच विचारलं, "बेटा, तू काहून पाहून राहिलीस? अथी माही ड्युटी आहे. दोघं राखायले अथी काय सोनं ठेवलं आहे? काकूच्या घरात तर धड पितळही नाही." तू हसलीस. तुह्या हसण्याचा आवाज मी तवा पहिल्यांदा ऐकला. अन् मग तू डोळे मिटलेस... थोडेसेच, पण मिटलेस. रफीकभाईनं माह्याकडं पाहून नुसती मान हलवली अन् दाराकडं तोंड केलं. जाताना एवढंच म्हणाला, "काकू, सतरंजी टोचते पोरायले. मी गाद्या करतो."

म्हणजे तुह्यासाठी त्यानं पिंजण भिंतीवरून काढलं, हे तुले माहीत नव्हतं. मी त्याच्या अंगणात बसली होती. पहिलाच टणत्कार केला अन् त्याचा हात थांबला. मी विचारलं, "बोलते का?" तो म्हणाला, "बोलते. तेच जुनं." एक श्वास आत घेतला, सोडला. मग म्हणाला, "बोलू द्या. मी कापूस पिंजून राहिलो." अन् पिंजत राहिला. तुह्यी गादी सर्वांत मऊ झाली, ती त्या दिवशीच्या कापसाची. अन् स्वतःची त्यानं कशी केली, तर उरलेला गाठीगाठीचा कापूस घेतला, त्यात मूठभर सरकी, कापसाचं कडक बी, मुद्दाम राहू दिली. मी म्हटलं, "अरे, ही टोचल ना." तो म्हणाला, "टोचाले पायजे. राखणीवर बसणाऱ्याले डुलकी लागली तर?"

पुढं शबानानं त्याले अकोल्याले नेलं. तरी गुरुवारी तो एसटीनं यायचा, मूर्तिजापूरच्या स्टँडवरची भजी कागदात बांधून आणायचा, थंड झालेली, अन् गरम आहेत म्हणून खाऊ घालायचा. शेवटच्या गुरुवारी निघताना नेहमीसारखा दारात वळला. "ध्यान ठेवजा," म्हणाला. आपण सारे म्हणालो, "हो." कोणाले काही वेगळं वाटलं नाही. मलेही नाही.

आता नीट ऐक, कारण तू काय समजून घरात बसलीस ते मले माहीत आहे. त्या वर्षांपासून आमच्या वऱ्हाडात कोणी अचानक गेलं की लोक पहिल्यांदा हळू आवाजात एकच विचारतात, जीव दिला का. रफीकभाईचंही तसंच झालं. त्यात आजाराचं नाव, मग काय. आवाजायनं नेलं, असं तुह्या कानावर आलं, अन् तू म्हटलं, त्याले नेलं तर मले का सोडतील. मी अकोल्याले जाऊन आली, पोरी. शबानापाशी बसली, सगळं विचारलं. दुपारची नमाज पढला, जेवला, चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, अन् पडला. शबाना उठवायले गेली तर उठला नाही. डॉक्टरनं सांगतलं, हृदय थांबलं. गोळी त्या दिवशीचीही घेतली होती. त्याच्या बापाचंही असंच झालं होतं, हे त्यानंच मले मागं सांगतलं होतं. कोणी नेलं नाही त्याले. आवाज त्याले शेवटपर्यंत यायचे, शबाना म्हणाली, अन् तो म्हणायचा, "आले का, बसा," अन् आपलं काम करायचा.

पण आता गुरुवारी कोणी डोळे मिटत नाही. मॅडम म्हणतात, मिटायलाच पाहिजे असं नाही. तरी सगळे एकमेकायकडं पाहत बसतात. दिलीप दाराकडं पाहतो. तुह्यी गादी मी भिंतीपाशी ठेवते, तिच्यावर कोणी बसत नाही. रफीकभाईची दारापाशीच होती, तिलेही कोणी हात लावत नव्हतं. मागच्या गुरुवारी मी उठली अन् तिच्यावर जाऊन बसली. दिलीप म्हणाला, "आई, तुले तर एका डोळ्यानं दिसत नाही." मी म्हटलं, "दुसऱ्यानं दिसते ना." दाराकडं तोंड केलं. थोड्या वेळानं खाकरली. मागं वळून पाहिलं तर दिलीपचे डोळे मिटले होते.

इतक्या दिवसात मले काही लागत नव्हतं, ऊन नाही, भूक नाही. ती सरकी मात्र लागली. चांगली टोचते. म्हातारीले दुपारी डुलकी लागते, पण त्या गादीवर नाही लागत, त्या माणसानं ती तशीच केली आहे. तर येणाऱ्या गुरुवारी ये. चप्पल घालून बस, भिंतीले पाठ लाव, डोळे उघडे ठेव, काही म्हणणार नाही. पण मिटावेसे वाटले तर मी दारापाशी आहे. लवकर ये पोरी.