अठरा पाहिजेत, तीस आहेत

सोमवार, सकाळचे दहा. गोळ्या बेचाळीस. हजर : मी, माझी बायको उषा, खाटेवर दादा म्हणजे माझे वडील, आणि कुशावर्ता सिस्टर. माझ्या वहीतली ही पहिली नोंद. वही सिस्टरांनीच घालायला लावली होती.

त्या अंबाजोगाईहून स्कूटीवर तेलगावच्या अलीकडे आमच्या वस्तीवर यायच्या. बरं न होणाऱ्या माणसांची घरी जाऊन काळजी घेणं हे त्यांचं काम. उंबऱ्यात चपला काढता काढता त्यांचा प्रश्न ठरलेला, "घरात सगळ्यात जास्त कोण भेतंय?" त्या दिवशी उषाने माझ्याकडे बोट केलं. "मंग गोळ्या हेच देतील," सिस्टर म्हणाल्या. "चार तासाला एक. मिनिटाचे श्वास मोजा, लिवा; गोळी जास्ती झाली तर आधी ते कमी व्हतेत. भेणाऱ्याचं ध्यान जाग्यावर असतंय."

दादांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. गोळी मॉर्फिनची. तिनं माणूस झोपेतच जातो, असं गावात कुणीतरी मला सांगितलं होतं. पहिली गोळी तळहातावर घेतली. मी ती सुरीने अर्धी केली. वहीत मात्र 'एक' लिहिलं. खोटा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला, आणि मग चार दिवस तोच लिहीत गेलो. दादा उशीचं टोक दातांत धरायचे. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसायचो. छाती खाली गेली की परत वर येईपर्यंत माझाच श्वास अडकायचा.

शुक्रवारी दहाच्या आत सिस्टर आल्या. वही चाळली. "तलाठी व्हायचं सोडून शेती कावून करताव?" म्हणून हसल्या. मग डबी ताटलीत पालथी करून गोळ्या मोजल्या. परत मोजल्या.

"अठरा पायजेत, भाऊ. तीस हायत."

उषा चहाचे कप घेऊन दारातच थांबली. "ताई, माझ्यात साखर वाढवून आना," सिस्टर तिला म्हणाल्या. ती आत गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "मला नगा सांगू. त्येनला सांगा."

मी सांगितलं.

"म्या म्हणलं, आता औषीद बी लागू होईना," दादा म्हणाले. मग माझा हात धरून, "लई भेलास का रं?"

सिस्टरांनी पूर्ण गोळी माझ्याच हातून द्यायला लावली आणि तासभर माझ्याशेजारी बसून श्वास मोजले. "तुमचं भेव जाईल असं म्या म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर भेवाचा वाटा त्येनला देऊ नगा."

त्या दुपारी दादांनी दोन घास वरणभात मागून खाल्ला. पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाला मी गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने दिली. पावणेआठला ते गेले.

तेराव्यानंतर सिस्टर पुन्हा आल्या. माणूस गेल्यावरही त्या त्या घरी जातातच. दारात तोच प्रश्न. या वेळी उषाने बोट केलं नाही. मीच म्हणालो, "सिस्टर, शेवटची गोळी माझ्या हातची होती."

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "वाचा."

सहा वाजता गोळी एक, श्वास चौदा. सात वाजता चौदा.

"आकडा तुमचाच हाय. ह्यो तरी खरा लिवलाव ना?"

"खरा."

पहिल्या चार दिवसांतले चोवीस 'एक' मी त्यांच्यासमोर खोडले आणि 'अर्धी' लिहिलं. शिल्लक गोळ्या नऊ. कुशावर्ता सिस्टरांना परत दिल्या, सही घेतली.