वैशालीला हाका मारल्या तेव्हा

आपलीच फजिती आपल्याच तोंडाने सांगायची म्हणजे जिवावर येतं हो! पण आता चहा पुढे आलाय, तर सांगतोच.

माझी भाची वैशाली. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून सगळं ओळखते, आणि बोलते तर अशी ठसक्यात की काय सांगू! नवागामला घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या, उरलेल्या वेळात अभ्यास. त्यावर पोरीने महापालिकेची क्लार्कची परीक्षा काढली, दिव्यांगांच्या राखीव जागेवर! राहिली होती फक्त कागदपत्रांची तपासणी.

बहीण म्हणाली, "दादा, तू जाय तिनासंगे. तिले ऐकू येस नही."

वैशाली म्हणाली, "मी एकटी जाईन."

पण मामाचा जीव राहतो होय? उधन्याच्या कारखान्यात रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि निघालो.

ऑफिसात तिला बाकावर बसवलं. "इथून हलायचं नाही. नाव पुकारलं की मी सांगतो!" आणि गेलो कोपऱ्यातल्या गुजराती शिपायाकडे.

"भाऊ, पोरगी साधी आहे. तिला एकटीला जमायचं नाही. साहेबांना म्हणावं, जरा सांभाळून घ्या…"

"काका, बेसो ने!" बसा, बसा म्हणून तो बिचारा थकला. माझी टकळी थांबते कुठे?

वळून बघतो तर बाक रिकामा!

नाव पुकारलं गेलं आणि पोर भलतीकडेच गेली असली तर? एवढी मेहनत पाण्यात! धावलो. जिना वर, जिना खाली. "वैशाली! अगं ए वैशाली!" इमारत दणाणली नुसती.

शिपाई मागून धापा टाकत आला. "काका, किसको बुला रहे हो?"

"भाचीला! तिला ऐकू येत नाही हो!"

"तो फिर चिल्ला क्यों रहे हो?"

घ्या!

तेवढ्यात दार उघडलं. वैशाली बाहेर आली, हातात शिक्का मारलेला कागद! कागदपत्रं तपासणाऱ्या मॅडमनी दारातून नाव घेतलं, हिने लांबूनच ओठ ओळखले आणि सरळ आत गेली. सगळी उत्तरं स्वतः दिली. मागोमाग आलेल्या मॅडम आपल्याकडच्याच निघाल्या, मराठी. म्हणाल्या, "इतकी नीटनेटकी फाइल आज एकाचीही नव्हती." माझी छाती अशी फुगली!

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आवाज कमी करा" असं त्या मला दारातून तीनदा म्हणाल्या होत्या म्हणे. मला पत्ताच नाही. जवळ आल्या आणि हातवारे करत, सावकाश विचारलं, "काका… तुम्ही… पण… उमेदवार… का?"

वैशाली गोड हसली.

"नाही मॅडम, हे माझे मामा. त्यांना ऐकू सगळं येतं. फक्त ते ऐकत नाहीत."